वलयांकित अक्षरें

ज्या अक्षरांविषयीं येथें लिहिण्याचें योजिलें आहे, तीं पुष्कळ वाचकांनीं कधींना कधीं पाहिलीं असतील; पण तीं कोणाचीं व कोठचीं, हें विचारण्याचा प्रसंग थोड्यांवरच आला असेल. अक्षर एकच, पण त्याच्याभोवतीं दुसरी रेघ, तिच्याभोवतीं तिसरी. कोपरा कोठेंच नाहीं, सर्वत्र वळण. आणि रेघांच्या मधली जागा मोकळी. खेळाडूचा सदरा, शर्यतीचें भित्तिपत्रक, मागल्या पिढीची आठवण करून देणारी एखादी जाहिरात, अशा ठिकाणीं हीं अक्षरें शोभतात. संगणकावर तीं 'मेक्सेलंट' या नांवानें मिळतात. रे लॅराबी नांवाच्या एका कॅनेडियन अक्षरकारानें हा टाइप सिद्ध केला आणि तो मोठ्या उदारपणानें लोकांस फुकट दिला. मेक्सिको आणि 'एक्सलंट' या दोन शब्दांची मोट बांधून केलेलें हें नांव कांहींसें थिल्लर आहे. परंतु त्या नांवांतच या अक्षरांचा जन्मदाखला आहे. १९६८ सालीं मेक्सिको शहरांत झालेल्या ऑलिंपिक सामन्यांच्या बोधचिन्हावरून हें वळण घेतलेलें आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत खिळ्यांची चर्चा कशाला, असा आक्षेप येईल. त्याला माझें उत्तर असें कीं, कवितेचें वृत्त, गद्याची लय, नाटकांतील रंगसूचना या सर्वांची आपण चिकित्सा करतों. ज्या आकाराच्या द्वारें हें सर्व डोळ्यांत शिरतें, तो आकार मात्र छापखान्याच्या स्वाधीन करून मोकळे होतों. शिवाय प्रस्तुत अक्षरांच्या मागें एक राष्ट्र उभें आहे, एक उत्सव उभा आहे, आणि एका चौकांत सांडलेलें रक्तही आहे. तें सर्व बाजूस सारून 'छान दिसतात' एवढेंच म्हणून थांबतां येईल काय, हें मला पाहावयाचें आहे.

प्रथम पोकळ अक्षराविषयीं. वाचण्याचें अक्षर आणि पाहण्याचें अक्षर हीं दोन भिन्न कुळें आहेत. पुस्तकांतील अक्षर जितकें नजरेआड होईल तितकें चांगलें. वाचकाला अर्थ दिसावा, अक्षर दिसूं नये. मथळ्याच्या अक्षराला हा विनय परवडत नाहीं. रस्त्यानें जाणाऱ्याला थांबविणें हेंच त्याचें काम. पोकळ अक्षर या कामासाठीं एक विलक्षण त्याग करतें: आपलें काळें शरीर टाकून देतें आणि फक्त सीमा राखतें. याचा व्यावहारिक लाभ पाटी रंगविणाऱ्या कारागिरास पक्का ठाऊक असतो. लाल कापडावर निळा आंकडा काढला तर पन्नास पावलांवरून तो कापडांत विरघळून जातो. त्याच्याभोवतीं पांढरी कड दिली कीं तो सुटून दिसूं लागतो. खेळाडूंच्या पाठीवरील आंकड्यांना दुहेरी-तिहेरी कडा असतात त्या या गरजेपोटीं. जें पुढें अलंकार म्हणून मिरविलें गेलें, तें मुळांत पंच आणि प्रेक्षक यांच्या सोयीचें होतें. तोटाही उघड आहे. अक्षर लहान केलें कीं रेघा एकमेकींत मिसळतात, शाईनें मधल्या फटी भरून जातात आणि जाळें तेवढें उरतें. अशा अक्षरांनीं चार शब्द लिहावे. पांचवा लिहिला कीं डोळे तक्रार करूं लागतात.

आतां मेक्सिकोकडे वळूं. ऑलिंपिक सामने भरविणारें तें पहिलें लॅटिन अमेरिकन राष्ट्र. हा मान १९६३ सालीं मिळाला तेव्हां श्रीमंत राष्ट्रांत शंकाकुशंकांचा गलबला झाला. शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंच, तेथें खेळाडूंना श्वास पुरणार कसा, ही एक शंका. आणि असल्या देशाला एवढा पसारा झेपणार कसा, ही दुसरी, बहुधा न बोललेली. निवडुंगाखालीं रुंद टोपी तोंडावर ओढून झोंपलेला मनुष्य, हें मेक्सिकोचें परकीयांनीं रंगविलेलें चित्र. संयोजन समितीचे अध्यक्ष पेद्रो रामिरेस वास्केस हे नामांकित वास्तुशिल्पज्ञ होते. मेक्सिको शहरांतील मानववंशशास्त्राचें भव्य संग्रहालय त्यांच्या हातचें. तें झोंपाळू चित्र पुसून दुसरें उभें करावयाचें, हा त्यांचा निर्धार होता. पण स्टेडियमें बांधून चित्र बदलत नाहीं, कारण जगांतील बहुसंख्य लोक तीं पाहावयास येत नाहींत. त्यांच्यापर्यंत जातात तीं पत्रकें, तिकिटें आणि अक्षरें.

या कामासाठीं न्यूयॉर्कहून लान्स वायमन हा २९ वर्षांचा रेखनकार आणि त्याचा इंग्रज मित्र पीटर मर्डॉक हे दोघे १९६६ च्या नोव्हेंबरांत मेक्सिकोंत उतरले. त्यांच्यापाशीं जाण्यापुरतेंच तिकीट होतें आणि कर्तृत्व दाखविण्यास दोन आठवड्यांची मुदत. त्या मुदतींत वायमनला जें सांपडलें तें असें कीं, ऑलिंपिकचीं पांच वर्तुळें आणि साठ-आठ हे रोमन लिपीबरोबरचे आंकडे यांची भूमिति एकच आहे. त्यांचा सहाचा आंकडा म्हणजे खालीं एक बंद वर्तुळ. आठाचा आंकडा म्हणजे एकावर एक दोन. वर्तुळांतून आंकडे निघाले, आणि आंकड्यांच्या रेघा जशा समांतर धांवत होत्या तशाच पुढें धांवूं देऊन त्यांतून 'मेक्सिको' हा शब्द निघाला. शब्दाच्या कडेशीं पोंचूनही रेघा थांबल्या नाहींत. तळ्यांत खडा टाकल्यावर लाटा पसराव्या तशा त्या कागदाच्या टोंकापर्यंत पसरल्या. एदुआर्दो तेर्रासास या मेक्सिकन वास्तुकाराचाही या कार्यांत मोठा वाटा होता, आणि श्रेय कोणाचें किती यावर पुढें बराच वाद माजला. त्यांत मी पडत नाहीं. देऊळ कोणी बांधलें याचा तंटा पुजाऱ्यांनीं करावा. भाविकानें मूर्ति पाहावी.

मूर्ति खरोखरच सुंदर आहे. तिच्या सौंदर्याचें कारण माझ्या मतें असें कीं तिच्यांत एकही रेघ फुकट नाहीं. अलंकारिक अक्षरांचा नेहमींचा दोष हा कीं अक्षर आधीं सिद्ध होतें आणि दागिने मागाहून चढविले जातात. दागिने उतरविले तरी अक्षर तसेंच राहतें. येथें रेघा काढून टाकल्या तर कांहींच उरत नाहीं. आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरां सुचली. मेक्सिकोच्या त्या सामन्यांत धांवण्याचा मार्ग ऑलिंपिकमध्यें प्रथमच कृत्रिम रबरी द्रव्याचा केलेला होता. त्यावर आंखलेल्या पांढऱ्या रेघा डोळ्यांसमोर आणाव्या: दोन सरळ बाजू, दोन अर्धवर्तुळें, एकीच्या बाहेर दुसरी, कोठेंही न तुटणारी, कोठेंही न भेटणारी. तीच हीं अक्षरें. वायमनच्या मनांत हें साम्य होतें कीं नाहीं याला महत्त्व नाहीं. पाहणाऱ्याच्या डोळ्याला तें जाणवतें आणि म्हणून अक्षर न धांवतांही धांवल्यासारखें वाटतें.

या रेघांचें कुळ दोन घराण्यांत सांगितलें जातें. एक घराणें हुइचोल लोकांचें. पश्चिम मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखांत राहणारी ही जमात फळीवर मेण थापून त्यांत रंगीत लोंकरीचे धागे दाबून चित्रें करते. प्रथम आकृतीच्या कडेनें धागा फिरवावयाचा, मग त्याला लगटून दुसरा, मग तिसरा. अशा रीतीनें आकृति आणि तिच्या भोवतालचें अवकाश भरून निघतें. तेथें वलय हें कल्पनेंतून येत नाहीं, धाग्याच्या स्वभावांतून येतें. दुसरें घराणें अगदीं ताजें: ब्रिजेट रायली, व्हासारेली इत्यादिकांची ती डोळे दिपविणारी चित्रकला, जिचें प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत १९६५ सालीं भरलें होतें आणि जिच्या रेघांकडे टक लावून पाहिलें असतां कागद हलूं लागतो.

मेक्सिकोच्या अधिकाऱ्यांस पहिलें घराणें अधिक प्रिय होतें हें सांगावयास नको. प्राचीन परंपरा आणि आधुनिक दृष्टि यांचा संगम, हें वाक्य प्रत्येक नवोदित राष्ट्राच्या सरकारी पत्रकांत असतें. आपणांसही तें अपरिचित नाहीं. पण टीकाकारानें जरा कसून पाहावें. विकावयासाठीं केलेलीं हुइचोलांचीं हीं मोठीं धाग्यांचीं चित्रें स्वतःच फारशीं प्राचीन नाहींत. मूळच्या लहान धार्मिक नैवेद्यवस्तूंपासून तीं विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वाढीस लागलीं. शिवाय हुइचोलाचा धागा हातानें दाबलेला असल्यामुळें थरथरतो, जाड-बारीक होतो, मध्येंच रंग बदलतो. वायमनची रेघ कंपासानें काढलेली, सर्वत्र एकाच जाडीची, आणि तिच्या मूळ स्वरूपांत केवळ काळी व पांढरी. धाग्याची उष्णता तिच्यांत नाहीं. ही रेघ न्यूयॉर्कची आहे. तिला मेक्सिकोनें दत्तक घेतलें आणि दत्तकानें घराण्याचें नांव राखलें, एवढेंच मी म्हणेन. दत्तक म्हटल्यानें कमीपणा येतो असें मुळींच नाहीं.

बोधचिन्हावरून संपूर्ण वर्णमाला काढण्यांत आली, आणि येथें पहिला कच्चा दुवा लागतो. 'मेक्सिको' या रोमन लिपींतील सहा अक्षरांचें भाग्य मोठें. त्यांत 'ओ' आहे, 'सी' आहे, वर्तुळाचीं सख्खीं भावंडें. पण 'के', 'झेड', 'डब्ल्यू' अशा कोनांवर जगणाऱ्या अक्षरांना तें वळण लावूं गेलें कीं तीं परक्या घरीं जेवावयास बसल्यासारखीं अवघडून बसतात. रूडॉल्फ कॉख या जर्मन अक्षरकारानें १९३१ मध्यें 'प्रिझ्मा' नांवाचा असाच रेघारेघांचा टाइप केला होता, त्याची येथें तुलना करण्यासारखी आहे. कॉखच्या रेघा अक्षराच्या अंगावर राहतात. अक्षराची काया त्यांनीं भरलेली असते आणि त्या कायेबाहेर त्या पाऊल टाकीत नाहींत. म्हणून कोनाचें अक्षर कोनाचेंच राहतें, आणि सव्वीसही अक्षरें एका पंक्तींत बसतात. वायमनच्या रेघा अंगाबाहेर पडावयास उत्सुक असतात. म्हणून त्याचा एक शब्द अद्वितीय आहे, आणि त्याची वर्णमाला मध्यम आहे.

संगणकावरील 'मेक्सेलंट' या टाइपाला हा मध्यमपणा वारशानेंच आला. लॅराबीचें काम नेटकें आहे; रेघांच्या जाडींत डळमळ नाहीं, वळणें स्वच्छ आहेत, आणि घनाकृति भासणारें एक भावंडही त्यानें सोबत दिलें आहे, जें मला अनावश्यक वाटतें. परंतु टाइप म्हटला कीं प्रत्येक अक्षर आपापल्या अदृश्य चौकटींत येतें आणि चौकटीच्या कडेशीं संपतें. मूळच्या चिन्हांत रेघा एका अक्षरांतून दुसऱ्याच्या शेजारीं सरकत आणि शेवटीं शब्दाबाहेर निघून जात. येथें लाट प्रत्येक अक्षरापाशीं अडते. शिवाय हा टाइप ज्याच्या हातीं पडतो तो त्यानें वाटेल तें लिहितो. उपाहारगृहाची न्याहारीची यादी या अक्षरांत लिहिलेली पाहिली म्हणजे लग्नाचा शालू नेसून भाजी आणावयास निघालेल्या बाईची आठवण होते. दोष शालूचा नव्हे.

जातां जातां आपल्या लिपीसंबंधीं एक शब्द. हें वळण देवनागरीस लावावें असा मोह एखाद्या तरुण चित्रकारास होणें साहजिक आहे. त्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं आपल्या ६ व ८ या आंकड्यांत एकही बंद वर्तुळ नाहीं. वायमनला जो योग फुकट लाभला तो आपणांस लाभता ना. उलट आपल्यापाशीं शिरोरेषा आहे, जी रोमन लिपीला नाहीं. शब्दांतील सर्व अक्षरें ती मुळांतच एकत्र बांधते. तिला समांतर दुसरी-तिसरी रेघ दिली तर ती शब्दाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत विनासायास धांवेल, आणि संगणकाच्या चौकटींनीं जी लाट अडते ती निदान माथ्यावर तरी अडणार नाहीं. अडचण पुढें येते ती मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें यांची. तेथें रेघांची इतकी गर्दी होईल कीं 'क्रीडा' हा शब्द वाचतांना खेळण्याची इच्छाच नाहींशी व्हावी. तरीही कोणी हा प्रयत्न केला तर मला तो पाहावयास आवडेल.

येथवर जें लिहिलें तें डोळ्यांच्या दृष्टीनें. आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे येतों.

सामन्यांचें उद्घाटन १२ ऑक्टोबर १९६८ रोजीं झालें. त्याच्या दहा दिवस आधीं, २ ऑक्टोबरच्या सायंकाळीं, त्लातेलोल्को भागांतील 'तीन संस्कृतींचा चौक' या जागीं विद्यार्थ्यांची व नागरिकांची सभा भरली होती. जुलैपासून विद्यार्थ्यांचें आंदोलन चालूं होतें. राजकीय कैद्यांची सुटका आणि पोलिसी दडपशाहीचा बंदोबस्त या त्यांच्या मागण्या होत्या. त्या सभेवर गोळीबार झाला. साध्या वेषांतील जे सैनिक गर्दींत मिसळले होते त्यांनीं ओळख पटावी म्हणून डाव्या हातांत पांढरे हातमोजे घातले होते, आणि त्यांच्या तुकडीचें नांव 'ऑलिंपिया' असें होतें. मृतांच्या संख्येविषयीं सरकारी आंकडा आणि इतरांचे अंदाज यांत इतकें अंतर आहे कीं तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. दहा दिवसांनीं अध्यक्ष गुस्ताव्हो दियास ओर्दास यांनीं सामने सुरू झाल्याचें जाहीर केलें. शहरभर दुकानांच्या कांचांवर पांढऱ्या कबुतराचें चित्र चिकटविलेलें होतें. तें कबूतर वायमनच्याच रेखनशाळेंतलें, आणि शांततेंत सर्व कांहीं शक्य आहे हें सामन्यांचें घोषवाक्य.

त्या वेळीं मेक्सिकोचे हिंदुस्थानांतील राजदूत कवि ऑक्टाव्हिओ पाझ हे होते. १९६२ पासून ते दिल्लींत होते. ऑलिंपिकच्या सांस्कृतिक कार्यक्रमासाठीं त्यांच्याकडे एका कवितेची मागणी झाली होती आणि त्यांनीं ती नाकारली होती. चौकांतील वार्ता कळल्यावर त्यांनीं एक लहानशी कविता लिहून पाठविली, जिच्याखालीं दिल्ली, ३ ऑक्टोबर १९६८ अशी नोंद आहे, आणि राजदूतपदाचा त्याग केला. चौक धुवून रक्त नाहींसें करणारे नगरपालिकेचे नोकर त्या कवितेंत आहेत. शुभ्रता हा शब्द कवितेंत कसा विटाळतो हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं ती मुळांतून वा इंग्रजींतून वाचावी.

पाझ यांनीं नकार दिला; वायमननें काम पुरें केलें. मग वायमनचीं अक्षरें दोषी ठरतात काय? माझ्या एका सहाध्यापकांचें मत असें कीं ठरतात: राजसत्तेनें जो मुखवटा घातला तो जितका सुंदर तितका अपराध मोठा. या मतांत तथ्य आहे, आणि तें मी हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु त्यांत एक वस्तुस्थिति जमेस धरलेली नाहीं, ती ही कीं, विद्यार्थ्यांनीं तीं अक्षरें फेंकून दिलीं नाहींत. त्यांनीं तीं उचललीं. तेथील कलाशाळांतील मुलांनीं रात्रीं जागून जीं पत्रकें छापलीं त्यांत त्याच सामन्यांच्या चित्रभाषेचा उपयोग होता. खेळाडूंच्या छायाकृतींच्या जागीं दंडुका उगारलेला पोलीस आला. पांढऱ्या कबुतराच्या छातींत संगीन घुसली. सरकारनें लक्षावधि पैसे खर्चून जी चित्रलिपि लोकांस शिकविली, तीच लोकांनीं सरकारविरुद्ध वाचून दाखविली. वर्तमानपत्रांत जें छापून येत नव्हतें तें सांगण्यास ती लिपि हातीं होती आणि प्रत्येकास वाचतां येत होती.

म्हणून माझा निवाडा असा पडतो कीं, अक्षरांचें सौंदर्य खरें आहे, आणि त्या सौंदर्याचा गैरवापरही खरा आहे. पण तीं अक्षरें केवळ धन्याचींच चाकर राहिलीं असतीं तर मी त्यांस जाहिरात म्हणून सोडून दिलें असतें. शत्रूच्या तोंडींही तीं तितक्याच स्पष्टपणें बोललीं, यावरून तीं भाषा होतीं असें मी समजतों. 'मेक्सेलंट' टाइपाविरुद्ध माझी खरी तक्रार हीच आहे, रेघा अडतात ही नव्हे. त्या टाइपांत उत्सव आला, धांवण्याचा मार्ग आला, साठीच्या दशकाची गोडगोड आठवण आली. चौक तेवढा आला नाहीं. टाइपानें तो आणावा कसा, असें लॅराबी विचारील, आणि त्याला मजजवळ उत्तर नाहीं. वापरणारानें मात्र एवढें जाणून असावें कीं आपण कोणाचीं अक्षरें उसनीं घेतलीं आहेत.

सामने संपल्यावर वायमन मेक्सिकोंतच राहिला. १९७० च्या जागतिक फुटबॉल सामन्यांचें चिन्ह त्यानेंच केलें, आणि ४ सप्टेंबर १९६९ रोजीं सुरू झालेल्या भुयारी रेल्वेसाठीं प्रत्येक स्थानकास एक चित्र देण्याची पद्धति त्यानें घालून दिली, जेणेंकरून ज्यास वाचतां येत नाहीं त्यासही आपलें स्थानक ओळखतां यावें. चापुल्तेपेकला टोळ आहे, कारण त्या नांवाचा अर्थच टोळांची टेंकडी. पिनो सुआरेस स्थानकाला वायुदेवतेचें तें लहानसें देवालय आहे, जें भुयार खणतांना जमिनींत सांपडलें. स्थळाची जी स्मृति असेल ती त्याच्या चित्रांत उतरावी, हा त्या पद्धतीचा गाभा. १९७० च्या नोव्हेंबरांत तिसरा मार्ग खुला झाला आणि त्याचें एक टोंक त्लातेलोल्कोला होतें. त्या स्थानकाच्या चित्रांत एक उंच, वर निमुळती होत गेलेली त्रिकोणी इमारत आहे. जवळच्या एका बँकेची.